मोरचूद: निळा खडा, पांढरी भुकटी

कोमट, सौम्य सल्फ्युरिक आम्लात कॉपर ऑक्साइडची काळी पूड थोडी थोडी टाकत ढवळली की द्रावण निळे होते. पूड विरघळेनाशी झाली की गाळायचे, जरा आटवायचे आणि न हलवता निवू द्यायचे. घाई केली तर बारीक चुरा मिळतो. सावकाश निवले तर टपोरे, निळेशार स्फटिक. हेच मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट.

हा निळा रंग टिकतो तो स्फटिकातल्या पाण्यामुळे. कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात. परीक्षानळीत तापवल्यावर चार १०० अंश सेल्सिअसच्या आसपास निघतात. पाचवा २०० अंशांपुढेच सुटतो. उरते पांढरी भुकटी. तिच्यावर पाण्याचा थेंब पडताच ती पुन्हा निळी होते आणि नळी हाताला गरम लागते. शाळेत हा प्रयोग प्रत्येक मुलाने बघावाच.

नाशिकच्या द्राक्षबागांत केवडा रोगावर फवारतात ते बोर्डो मिश्रण मोरचुदाचेच: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. भांडे प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडी नको. मिश्रणात चकचकीत विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. उरलेले पाणी ओढ्यात ओतू नये, मासे मरतात.