साडेसहा बँड आणि पाठ केलेली उत्तरं

एप्रिल 2022 मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट रेजिस नदीत एक छोटी बोट बुडू लागली. बचाव पथकाने तिच्यातून सहा भारतीय तरुणांना बाहेर काढलं. सगळे विशीच्या आसपासचे. ते कॅनडात विद्यार्थी म्हणून गेले होते आणि तिथून चोरवाटेने अमेरिकेत शिरत होते. त्यांना अमेरिकेतल्या न्यायालयात उभं केलं, तेव्हा न्यायाधीशांचे इंग्रजीतले साधे प्रश्नही त्यांना कळेनात, शेवटी हिंदीचा दुभाषा बोलवावा लागला. त्यांच्या कागदपत्रांवर मात्र आयईएलटीएस या इंग्रजी प्रावीण्याच्या परीक्षेत नऊपैकी साडेसहा ते सात बँड मिळाल्याची नोंद होती. हे तरुण मूळचे गुजरातचे, म्हणून मुंबईच्या अमेरिकी वकिलातीने तिथे कळवलं आणि मेहसाणा पोलिसांनी परीक्षेतल्या गैरप्रकारांचा तपास सुरू केला.

हा झाला उघड फसवणुकीचा प्रकार. पण ही परीक्षा म्हणजे व्हिसाच्या वाटेवरचा एक टोलनाका, पैसे भरले की फाटक उघडतं, असा समज प्रामाणिक घरांतही असतो. पुण्या-नाशिकपासून सांगली-लातूरपर्यंत ‘पंधरा दिवसांत आठ बँड’ अशा जाहिराती दिसतात. भारतात परीक्षेचं शुल्कच सतरा-अठरा हजार रुपयांच्या घरात आहे, क्लासची फी वेगळी. एवढे पैसे भरून विद्यार्थ्याच्या हाती पडतो तो निबंधांच्या तयार साच्यांचा आणि ‘भारी’ शब्दांच्या यादीचा गठ्ठा. दोन महिने तो ते घोकतो आणि साडेपाचवर अडकतो. त्याची मेहनत खरी असते, फक्त ती भलत्याच गोष्टीवर खर्ची पडलेली असते. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे.

इंग्रजी येतं की नाही हे परक्या माणसाला तपासून देण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. 1913 मध्ये केंब्रिजने इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली. ती बारा तास चालली, तीन जण बसले आणि तिघेही नापास झाले. अमेरिकेत 1964 पासून टोफेल सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘आयल्ट्स’ झालेली आयईएलटीएस तिच्या आजच्या नावाने 1989 मध्ये आली. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तिघांची ती मिळून परीक्षा आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे तिचे चार भाग. प्रत्येकाला शून्य ते नऊ बँड, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने, आणि चारही भागांची सरासरी म्हणजे ‘ओव्हरऑल’. पास-नापास असं काही नाही. किती बँड हवेत ते विद्यापीठ किंवा नोकरी देणारा ठरवतो.

सरासरीचा हिशेब घरच्यांनीही समजून घ्यावा. ऐकण्यात 7, वाचनात 6.5, बोलण्यात 6 आणि लेखनात 5.5 मिळाले, तर सरासरी येते 6.25, आणि ती वर सरकून 6.5 धरली जाते. घरात पेढे वाटले जातात. पण विद्यापीठाची अट ‘ओव्हरऑल साडेसहा, कुठेही सहाच्या खाली नको’ अशी असेल, तर लेखनातल्या साडेपाचने गाडं अडतं. अट आधी नीट वाचायची आणि मग तयारी आखायची, हा क्रम फार जण उलटा करतात.

ऐकण्याच्या भागात चार ध्वनिमुद्रणं आणि चाळीस प्रश्न असतात. मुद्रण एकदाच वाजतं. पहिला संवाद अगदी रोजच्या व्यवहारातला असतो, कुणी सभागृह आरक्षित करतंय, कुणी भाड्याच्या खोलीची चौकशी करतंय. खाचखळगे तिथेच असतात. बोलणारा म्हणतो, ‘गुरुवारी या… नाही, थांबा, गुरुवारी आमचं बंद असतं, शुक्रवारी चालेल का?’ घाईतल्या मुलाने तोवर गुरुवार लिहून पुढच्या प्रश्नावर उडी मारलेली असते. आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं जातं आणि ‘जी’ की ‘जे’ यात गडबड होते. अनेकवचनाचा ‘एस’ सुटला की उत्तर चूक. चाळीसपैकी साधारण 23 बरोबर आले तर सहा बँड, 30 आले तर सात. म्हणजे सहा आणि सात यांच्यात सातच उत्तरांचं अंतर आहे, आणि त्यातली दोन-तीन अशाच चुकांत जातात.

यावर चांगले शिक्षक एक जुना उपाय करतात, तो म्हणजे श्रुतलेखन. तीन मिनिटांची इंग्रजी मुलाखत लावायची, थांबवत थांबवत शब्दन् शब्द उतरवायचा आणि मग छापील संहितेशी ताडून बघायचं. कुठला शब्द कानातून निसटला, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. काम कंटाळवाणं आहे, पण महिनाभर रोज केलं तर कान बदलतो. मुद्रणात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि उत्तर अमेरिकी असे वेगवेगळे उच्चार असतात, त्यामुळे फक्त हॉलिवूडचे सिनेमे बघून भागत नाही.

वाचनात साठ मिनिटांत तीन उतारे आणि पुन्हा चाळीस प्रश्न. हुशार मुलांचीही दांडी उडते ती ‘बरोबर, चूक की उताऱ्यात सांगितलेलं नाही’ या प्रकारात. समजा, उताऱ्यात वाक्य आहे: ‘या कापड गिरणीत पुरुषांबरोबर बायकाही काम करत.’ आणि विधान दिलंय: ‘बायकांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी मिळे.’ मुंबईच्या गिरण्यांबद्दल आजीकडून ऐकलेली मुलगी ‘बरोबर’ लिहून मोकळी होते. इतिहास तिच्या बाजूचा असेलही, पण उताऱ्यात मजुरीचा शब्द नाही, म्हणून उत्तर ‘सांगितलेलं नाही’ हेच. स्वतःला जे माहीत आहे ते बाजूला ठेवून समोरचा कागद काय म्हणतो तेवढंच बघायचं, ही सवय परदेशी विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात कामाला येते.

सगळ्यात जास्त जण अडकतात ते लेखनात. तासाभरात दोन मजकूर लिहायचे, एक किमान दीडशे शब्दांचा, दुसरा किमान अडीचशेचा. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट असतं. परीक्षक चार गोष्टी सारख्याच वजनाने तपासतो. विचारलं त्याचंच उत्तर दिलंय का, मुद्दे नीट गुंफलेत का, शब्द नेमके आहेत का आणि व्याकरण कसं आहे. शैक्षणिक प्रकारच्या परीक्षेत पहिल्या मजकुरात बहुधा आलेख किंवा तक्ता असतो. तिथे मुलं एकेक आकडा उतरवत बसतात आणि एकूण चित्र काय दिसतं ते सांगायचंच विसरतात. आलेखात नसलेली कारणं घालायची हौस तर आणखी महागात पडते.

दुसरा मजकूर मताचा असतो. विषय समजू, ‘उच्च शिक्षण मोफत असावं का?’ साचा पाठ केलेला विद्यार्थी ‘आजच्या तंत्रज्ञानाच्या युगात हा ज्वलंत प्रश्न आहे’ इथून सुरुवात करतो. चाळीस शब्द संपतात, पण हातात काही पडत नाही. त्याच वर्गातली दुसरी मुलगी लिहिते की महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या काही प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, पण गावाकडून आलेल्या मुलीला खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च भरावाच लागतो, तेव्हा फक्त फी माफ करून शिक्षण मोफत होत नाही. तिची वाक्यं साधी आहेत, एखादं चुकलंही आहे. तरी तिच्याकडे मत आहे, उदाहरण आहे आणि एक वाक्य पुढच्याला धरून चालतं. परीक्षकाला हेच हवं असतं. उत्तर पूर्णपणे पाठ केलेलं असल्याचा पुरावा मिळाला तर शून्य बँड, असं गुणदानाच्या जाहीर निकषांतच लिहिलेलं आहे.

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची, प्रशिक्षित परीक्षकाबरोबर. मधे ‘क्यू कार्ड’ मिळतं: आठवणीतल्या एखाद्या प्रवासाबद्दल बोला. एक मिनिट विचार करायला, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. कोल्हापूरचा मुलगा ताजमहालाच्या सहलीचं पाठ केलेलं भाषण सुरू करतो. ते संपल्यावर परीक्षक विचारतो, ‘तिथे जेवलात कुठे?’ तिथे तो कधी गेलेलाच नाही, आणि गाडी थांबते. तोच मुलगा चैत्र यात्रेला एसटीने जोतिबाला गेल्याचं बोलला असता, तर घाटातली गर्दी, गुलालाने रंगलेले कपडे, उतरताना बिघडलेली बस, हे सगळं आपोआप आलं असतं. आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धांची मोठी परंपरा आहे आणि पाठ केलेल्या भाषणांवर ढाली मिळवलेली मुलं या वर्गांत नेहमी भेटतात. त्यांच्याकडे धीटपणा असतो. त्यांना शिकवावं लागतं ते अडखळल्यावर स्वतःच्या शब्दांत वाक्य सावरून घेणं.

उच्चारांची भीतीही बरीचशी अनाठायी आहे. गोऱ्या माणसासारखं बोलण्याचे वेगळे गुण नाहीत, बोलणं सहज कळतंय का हे बघतात. मराठी मुलांच्या काही सवयी मात्र शिक्षकाने हेरायला हव्यात. इंग्रजीत ‘व’ दोन प्रकारचा आहे, आपण दोन्हींना एकच उच्चार देतो. ह्रस्व-दीर्घाचा फरक बोलताना पुसला जातो. शब्दात कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा हे शाळेत कुणी सांगितलेलं नसतं, आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा बहुधा त्यामुळेच होतो. लेखनात ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं गळतात, कारण मराठीला त्यांची गरजच पडत नाही. अशा पाच-सात ठरावीक चुकांची यादी करून एकेक निपटत गेलं, तर व्याकरणाचं अख्खं पुस्तक पुन्हा चाळण्यापेक्षा लवकर फरक पडतो.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकूनही मुलं बोलताना अडखळतात, याला कारण वर्गाची रीत आहे. धड्याचा मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची, ती मुलांनी उतरवून घ्यायची. इंग्रजी ऐकण्याचा आणि चुकत-माकत बोलण्याचा तास वेळापत्रकात नसतो. मराठी माध्यमाच्या मुलाला कमी समजतं, हे साफ खोटं आहे. त्याला सराव मिळालेला नसतो, आणि सराव भरून काढता येतो.

मात्र त्याला वेळ लागतो, आणि क्लासच्या जाहिरातीत नेमकं तेच नसतं. भाषेच्या एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जायला मार्गदर्शनाखालचे सुमारे दोनशे तास लागतात, असा केंब्रिजचा अंदाज आहे. रोज दोन तास धरले तरी तीन महिन्यांहून जास्त. ज्याचं इंग्रजी मुळात सातच्या तोडीचं आहे, त्याला परीक्षेची रीत समजून घ्यायला पंधरा दिवस पुरतील. साडेपाचवर असलेल्याला पंधरा दिवसांत सात मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. पहिल्याच दिवशी पूर्ण मॉक टेस्ट घेऊन ‘तुमच्या लेखनाला अजून चार महिने लागतील’ असं तोंडावर सांगणारा शिक्षक भेटला, तर तो सोडू नये.

परदेशात नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांचं गणित आणखी वेगळं आहे. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेला आयल्ट्समध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत सात बँड लागतात. लेखनातही आधी सातच लागायचे, 2018 मध्ये ते साडेसहावर आले. रात्रपाळ्या सांभाळून जंगलतोडीवर निबंध लिहिणं अनेकींना जड जातं. त्यांच्यासाठी ओईटी हा पर्याय आहे. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट अशा बारा आरोग्य व्यवसायांसाठी ती परीक्षा आहे. तिथे परिचारिकेला रुग्णाच्या नोंदी वाचून पत्र लिहायचं असतं, उदाहरणार्थ घरी सोडलेल्या रुग्णाबद्दल पुढे काळजी घेणाऱ्या परिचारिकेला. बोलण्याच्या भागात घाबरलेल्या रुग्णाला किंवा नातेवाइकाला समजावून सांगायचं. वॉर्डात दहा वर्षं काढलेल्या सिस्टरला हा प्रसंग कुणी शिकवावा लागत नाही, फक्त तो इंग्रजीत उभा करावा लागतो. दोन्हींचे नमुना पेपर सोडवून बघितल्याशिवाय कुठलीही फी भरू नये.

तारखांचा हिशेब मागून पुढे करावा. आयल्ट्सचा निकाल दोन वर्षं ग्राह्य धरला जातो, तेव्हा फार लवकर दिला तरी पंचाईत. शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनेसाठी आधी परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र लागतं आणि त्या प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी आधी बँड लागतात. सप्टेंबरमध्ये ब्रिटनला जायचं असेल, तर आदल्या दिवाळीपर्यंत परीक्षा झालेली बरी. एखाद्याच भागात अर्धा बँड कमी पडला, तर संगणकावर परीक्षा दिलेल्यांना साठ दिवसांच्या आत तेवढाच एक भाग पुन्हा देता येतो. ही संधी एकदाच मिळते, आणि ती प्रत्येक विद्यापीठ मान्य करतंच असं नाही, म्हणून पैसे भरण्याआधी प्रवेश विभागाला ईमेल करून विचारून घ्यावं. परीक्षेच्या दिवशी ओळख म्हणून पासपोर्टच लागतो, त्यामुळे ज्याच्याकडे तो नाही, त्याने तयारीच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज करून टाकावा.