टिपचे पैसे, डिलिव्हरीचे पैसे आणि आयकराचा कागद

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण आज स्विगी, झोमॅटोची पार्सले घरोघर पोहोचवतात. त्यांना ‘आयकराचे विवरणपत्र भरले का?’ असे विचारले, की उत्तर ठरलेले असते, ‘आम्हाला कुठे पगार आहे, साहेब?’ आमचे म्हणणे असे, की पगार नाही म्हणूनच हा कागद हवा. नोकरदाराकडे पगारपत्रक असते, फॉर्म १६ असतो. यांच्याकडे कमाईचा पुरावा म्हणून काय आहे?

कंपनी या मुलांना नोकर मानत नाही, ‘भागीदार’ म्हणते. (भागीदार म्हणे! नफ्यात वाटा मागून पाहा.) त्यामुळे मिळणारी रक्कम पगार नव्हे, धंद्याची जमा धरली जाते. ती वर्षात १ लाखावर गेली, की कंपनी सहसा ठेकेदाराच्या बिलाप्रमाणे १ टक्का कर कापून सरकारात भरते. पॅन दिला नसेल तर हीच कपात २० टक्के होते. समजा, वर्षाची जमा ३ लाख ६० हजार आहे. १ टक्क्याने ३,६०० रुपये कापले गेले. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, म्हणजे हे ३,६०० आपलेच. पण विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत येत नाहीत.

टिपचे काय? ॲपमधून आलेली टिप कमाईबरोबरच खात्यात येते, ती जमेतच धरावी. हॉटेलातील वेटरबांधवांची गोष्ट थोडी वेगळी. आयटीसी हॉटेलांच्या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कार्डावर आलेली व मालकाने वाटलेली टिप पगार नव्हे, कारण ती ग्राहकाने दिलेली असते. मालकाला त्यावर कर कापावा लागत नाही. म्हणून ती करमुक्त झाली, असे मात्र नाही. वेटरने ती ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून दाखवायची असते.

डिलिव्हरीवाल्यांसाठी साधारणपणे ‘सुगम’ हा आयटीआर-४ फॉर्म चालतो. त्यात वह्या ठेवण्याची सक्ती नाही. बँकेतून आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के उत्पन्न दाखवले तरी फॉर्म स्वीकारला जातो. येथेच एजंट लोक घात करतात. ३ लाख ६० हजारांवर ६ टक्के म्हणजे २१,६०० रुपये. वर्षाला एवढ्यात कोणाचे घर चालते? उद्या घरासाठी कर्ज मागितले, तर बँक हाच आकडा पाहणार. आणि रस्त्यावर काही बरेवाईट झाले, तर मोटार अपघात दाव्यात कुटुंबाची भरपाई कमाईच्या पुराव्यावर ठरते. तेथे हाच कागद मांडला जातो. म्हणून पेट्रोल, दुरुस्ती, मोबाईल हा खर्च रोज डायरीत लिहावा. तो १ लाख २० हजार झाला, तर उरलेले २ लाख ४० हजार हे खरे उत्पन्न. तेच दाखवावे.

आयाबहिणींची भीती वेगळी असते, ‘फॉर्म भरला तर पोराची शिष्यवृत्ती जाईल.’ मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा आहे, ही भीती खोटी नाही. परंतु खात्यातील जमा म्हणजे उत्पन्न नव्हे, हे वरच्या हिशेबात दिसलेच. खर्च वजा जाऊनही आकडा मर्यादेवर गेला, तर तो लपवू नये. तहसीलच्या दाखल्यावर एक आणि विवरणपत्रात दुसरा, असे दोन आकडे अंगाशी येतात.

भावाच्या किंवा मित्राच्या आयडीवर गाडी चालवणाऱ्यांनीही सावध राहावे. ती सारी कमाई आयडीवाल्याच्या पॅनवर नोंदली जाते. कापलेला कर त्याच्या नावावर, परतावाही त्यालाच. तुमच्या हाती काही नाही.

भरण्यापूर्वी फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण पोर्टलवर पाहून घ्यावे, आधार-पॅन जोडलेले असावे, बँक खाते पडताळलेले असावे. भरल्यावर ३० दिवसांत ओटीपीने पडताळणी केली नाही, तर भरलेला फॉर्म न भरल्यासारखाच. आणि ‘परताव्यातला निम्मा आमचा’ म्हणणाऱ्या एजंटाला पासवर्ड देऊ नये. वस्तीतली बारावी झालेली मुलगी हे काम एका संध्याकाळी करू शकते.