दहा, नऊ, आठ... आणि गुडूप!

"मॅडम, कधी सुरू करणार?" डोळे किलकिले करत माझ्या रूममेटने विचारलं. नर्स हसायलाच लागल्या. "अरे, झालंसुद्धा! पंधरा मिनिटं झाली." त्याला काही केल्या पटेना. दहा, नऊ, आठ असे उलटे आकडे म्हटलेले त्याला आठवत होते, त्यापुढचं सगळं कोरं!

दोन महिने याच्या पोटात जळजळ होत होती. मेसचं तिखट आणि रात्री दोनची मॅगी, दुसरं काय होणार? शेवटी डॉक्टरांनी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी करायला सांगितली. आता घशातून नळी जाणार म्हटल्यावर भल्याभल्यांची फाटते. म्हणून भूल देऊन करायचं ठरलं.

खरं तर ही तपासणी आठवडाभर आधीच व्हायची होती. त्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?" साहेब म्हणाले, "काहीच नाही." मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. "एक क्रीमरोल... आणि चहा," तो पुटपुटला. झालं, तपासणी पुढे ढकलली! "एका क्रीमरोलसाठी?" म्हणून हा जाम वैतागला. तेव्हा मॅडमनी शांतपणे समजावलं. एरवी घशात काही अडकलं तर आपल्याला ठसका लागतो. हा ठसका म्हणजे फुप्फुसांचा वॉचमन. भुलीत हा वॉचमनही झोपतो. पोटातलं अन्न वर आलं आणि श्वासनळीत गेलं, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून साधारण नियम असा, की हलकं खाणं सहा तास आधी बंद, तळकट किंवा भरपेट जेवण आठ तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी. तुम्हाला डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल, तर तीच पाळायची.

हे ज्यामुळे होतं ते औषध म्हणजे प्रोपोफॉल. दिसायला अगदी दुधासारखं पांढरं. कारण ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सोयाबीनचं तेल आणि अंड्यातल्या बलकाचा एक घटक वापरून त्याचं दुधाळ मिश्रण करतात. याची गोष्टही भारी आहे. ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत ते शोधणारे जॉन ग्लेन हे शिक्षणाने जनावरांचे डॉक्टर! १९७७ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. पण औषध ज्या द्रावणात मिसळलं होतं, त्याची काही रुग्णांना ॲलर्जी आली आणि सगळं थांबलं. ग्लेन यांच्या टीमने हार मानली नाही. द्रावण बदललं आणि १९८६ मध्ये औषध पुन्हा आलं, ते या दुधाळ रूपात. २०१८ मध्ये ग्लेन यांना मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

शिरेतून दिलं, की अर्ध्याएक मिनिटात माणूस गुडूप. मेंदूला 'शांत हो' असं सांगणारे जे संकेत असतात, त्यांना हे औषध जोर देतं. मग ते रक्तावाटे मेंदूतून शरीरात इतरत्र पसरतं, म्हणून एका डोसनंतर जागही पाच-दहा मिनिटांत येते. तपासणी लांबली तर थोडं थोडं पुन्हा द्यावं लागतं.

इतकं मस्त आहे, तर मग भूलतज्ज्ञ कशाला? इथेच तर गोम आहे. गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यात अगदी पुसट रेघ असते. डोस थोडा जास्त झाला, की श्वास मंदावतो, कधी थांबतोही. रक्तदाब खाली येतो. आणि याचा परिणाम उलटवणारं दुसरं इंजेक्शन नाही. अशा वेळी रुग्णाचा श्वास सांभाळणारा माणूस शेजारी हवाच. २५ जून २००९ रोजी मायकेल जॅक्सन गेला तो याच औषधाने. झोप येत नाही म्हणून घरच्या घरी ते दिलं जात होतं. ना देखरेखीची पुरेशी साधनं, ना सतत कुणाचं लक्ष. ते देणाऱ्या डॉक्टरला २०११ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं.

आता आमच्या हिरोच्या दुसऱ्या फेरीकडे या. या वेळी गावाहून आई आली होती. मॅडमनी विचारलं, "सिगारेट? व्हेप? दारू? आणखी काही?" आई शेजारीच उभी! हा जमिनीकडे बघत गप्प. मॅडमनी ओळखलं. "काकू, जरा काउंटरवर फाइल दाखवून येता का?" आई बाहेर गेल्यावर हा घडाघडा बोलला. दिवसाला पाच-सहा सिगारेटी. मॅडमनी लेक्चर दिलं नाही, नुसतं लिहून घेतलं. सिगारेट ओढणाऱ्याला भुलीत खोकला आणि श्वासाचा त्रास जास्त होऊ शकतो, म्हणून त्यांना ते माहीत असणं गरजेचं होतं. दारू, गांजा, जिमची पावडर, रोजची गोळी, ॲलर्जी, घोरणं, हलणारा दात... हे सगळं सांगायचं. घरचे समोर असतील तर बिनधास्त म्हणा, "मला एकट्याशी बोलायचंय."

तपासणीनंतर पठ्ठ्या म्हणतो, "मी एकदम फ्रेश आहे, बाईक मीच चालवतो." किल्ली आधीच माझ्या खिशात होती. भुलीनंतर चोवीस तास गाडी नाही, महत्त्वाच्या कागदावर सही नाही आणि सोबतीला कुणीतरी हवंच.

बिल बघून आईने विचारलं, "पंधरा मिनिटांसाठी भूलवाल्यांचे वेगळे पैसे?" मी त्यांना काचेच्या दारातून आत बघायला सांगितलं. पलंगावर दुसरा पेशंट होता. डॉक्टर दुर्बिणीच्या पडद्याकडे बघत होते. मॅडम मात्र उशाशी उभ्या होत्या, एक नजर मॉनिटरवर आणि एक पेशंटच्या वरखाली होणाऱ्या छातीवर.

आईने काही न बोलता पर्स उघडली.