बोलायला बंदी, गायला मुभा

१८०९ साली लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावरच्या रॉयल सर्कस या थिएटरात रॉबर्ट एलिस्टन या नटाने ‘मॅकबेथ’ लावला. पण शेक्सपिअरचे संवाद म्हणायची तिथे सोय नव्हती. म्हणून खून, चेटकिणी, लढाई सगळं संगीताच्या साथीने मूकाभिनयात बसवलं, आणि हातवाऱ्यांनी भागेना तिथे मजकूर लिहिलेले पट्टे प्रेक्षकांसमोर उलगडले. यात नवं काही करून पाहण्याची हौस नव्हती, कायद्यातून काढलेली ही पळवाट होती.

तो कायदा १७३७ चा. रंगमंचावर आपली टर उडवली जाते म्हणून पंतप्रधान वॉल्पोल वैतागले होते. त्यांच्या सरकारने दोन गाठी मारल्या. पहिली मजकुराची. नवं नाटक प्रयोगाच्या चौदा दिवस आधी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे तपासणीला द्यायचं. १७७८ ते १८२४ हे तपासणीचं काम जॉन लार्पेंट या एकाच गृहस्थाकडे होतं, आणि राजकारणाचा नुसता वास आला तरी ओळी कापल्या जात. दुसरी गाठ जागेची. बोलकं नाटक करायचं ते राजाची सनद असलेल्या ड्रुरी लेन आणि कोव्हेंट गार्डन या दोनच थिएटरांत. पुढे हेमार्केटलाही मुभा मिळाली, तीही उन्हाळ्यापुरती.

मग बाकीच्यांनी पोट कसं भरायचं? १७५२ च्या आणखी एका कायद्याने मॅजिस्ट्रेटना संगीत आणि नृत्याचे परवाने देता येत होते. नाटकधन्यांनी तेवढीच फट धरली. कथानकात पदं पेरली, संवादाखाली वाद्यं वाजती ठेवली, की त्या खेळाला ‘बर्लेटा’ म्हणता येई आणि बर्लेटाला आडकाठी नव्हती. किती पदं म्हणजे बर्लेटा, यावर वाद होत राहिले. अंकाला पाच-सहा असा ढोबळ हिशेब असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ गायला लावलं ते आवडीने. इथे पदं आली ती परवान्याच्या कलमामुळे.

गंमत म्हणजे सनदवाल्यांनाही संगीताची गरज पडली, पण कारण वेगळं. १७९४ मध्ये नव्याने बांधलेल्या ड्रुरी लेनमध्ये साडेतीन हजारांहून जास्त प्रेक्षक मावत. मागे बसलेल्याला नटाचा चेहरा दिसेना की शब्द कळेना. अंगविक्षेप, देखावे आणि वाद्यवृंद मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचत. म्हणून १८०२ मध्ये टॉमस होलक्रॉफ्टने फ्रेंचवरून बेतलेलं ‘अ टेल ऑफ मिस्टरी’ कोव्हेंट गार्डनला आलं तेव्हा ते चाललं. इंग्लंडात मेलोड्रामा म्हणून जाहीर झालेलं हे पहिलं नाटक. त्यातला फ्रान्सिस्को मुका आहे. त्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तो कागदावर लिहून देतो, आणि मनातली खळबळ सांगायचं काम संगीताकडे. धास्ती, घाई, नाराजी, कुठे कोणता भाव वाजवायचा याच्या सूचना संहितेतच दिलेल्या आहेत. हिंदी सिनेमात खलनायक दारात येताच वाद्यं गडगडतात, त्या युक्तीची जुनी मुळं अशा नाटकांत सापडतात.

संवादांत संगीत मिसळण्याच्या या सवयीचा फटका कार्ल मारिया फॉन वेबर या जर्मन संगीतकाराला बसला. कोव्हेंट गार्डनसाठी ‘ओबेरॉन’ करायला घेतल्यावर प्लांशे या लेखकाची संहिता हप्त्याहप्त्याने हाती आली. पाहतो तर कित्येक मुख्य पात्रं गातच नाहीत आणि ऐन मोक्याच्या प्रसंगी संगीताला सुट्टी! याला ऑपेरा कसं म्हणायचं, अशी त्याने पत्रातून तक्रार केली. पण लंडनच्या प्रेक्षकाला गाणी, संवाद आणि देखावे असं मिश्रणच हवं होतं. १२ एप्रिल १८२६ ला प्रयोग झाला, गाजला. संगीताची फेरमांडणी करायचं वेबरच्या मनात होतं. पण क्षयाने खंगलेला तो ५ जूनला लंडनमध्येच वारला.

१८४३ च्या कायद्याने सनदवाल्यांची मक्तेदारी मोडली आणि लहान थिएटरांनाही उघडपणे शेक्सपिअर करता येऊ लागला. लॉर्ड चेंबरलेनची कात्री मात्र १९६८ पर्यंत चालूच राहिली.