नकाशात नसलेला साकव

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पुराने आणि दरडींनी रस्ते बंद होते, मदत पोचायला उशीर झाला. अशा वेळी पायवाटांची नोंद हाताशी असावी लागते. नकाशात मुंबई-गोवा महामार्ग ठळक दिसतो, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट दिसतो. वाडीतून उतरणारी पाखाडी आणि ओढ्यावरचा साकव मात्र बऱ्याचदा गळालेला असतो. असे गळालेले दुवे कुठे असावेत, याचा अंदाज संगणकाला बांधता येतो.

वाडी म्हणजे बिंदू, वाट म्हणजे रेघ असं धरू. गळालेली रेघ हुडकायची जुनी युक्ती माणसांच्या ओळखींवरून आली: दोघांचे सामाईक मित्र जितके जास्त, तितकी त्यांची ओळख असण्याची शक्यता दाट. डोंगरात ही युक्ती लंगडी पडते. जिथे वाडीला एकच रस्ता, तिथे सामाईक शेजारी कुठून आणायचे?

बिंदू-रेघांच्या अशा जाळ्यावरून शिकणारी संगणकी पद्धत, ग्राफ न्यूरल नेटवर्क, वेगळ्या मार्गाने जाते. प्रत्येक वाडीला आधी आकड्यांची एक ओळ मिळते: उंची, घरांची संख्या, ओढ्यापासूनचं अंतर. मग प्रत्येक वाडी शेजारच्या वाड्यांच्या ओळी गोळा करून आपल्या ओळीत मुरवते. दुसऱ्या फेरीत शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांची खबर येते. दोन-तीन फेऱ्यांनंतर दोन वाड्यांच्या ओळी ताडून ० ते १ मधला गुण काढायचा. १ च्या जितका जवळ, तितकी वाट असण्याची शक्यता जास्त.

हे शिकवण्यासाठी ठाऊक असलेल्या काही वाटा मुद्दाम झाकतात आणि त्या ओळखायला लावतात. सोबत वाट नसलेल्या जोड्याही द्याव्या लागतात, आणि खरी मेख तिथेच आहे. वरंध घाटाखालची वाडी आणि कशेडी घाटाच्या पायथ्याची वाडी अशी दूरदूरची जोडी दिली, तर नकार फारच सोपा. ओढ्याच्या समोरासमोरच्या, पण साकव नसलेल्या वाड्या दिल्या तरच कस लागतो. शिवाय नकाशात वाट नाही म्हणून ‘नाही’ धरलेल्या जोडीतच आपण शोधतोय तो साकव असू शकतो.

आणखी एक फसगत होते. वरंधकडे रस्ता संपतो तिथली वाडी आणि आंबेनळीकडची तशीच वाडी, उंचीही सारखी असेल तर दोघींच्या ओळी जवळपास एकच निघतात. मग तिसऱ्या वाडीला दोघी सारख्याच ‘जवळ’ वाटतात, मध्ये अख्खी खोरी असली तरी. मुहान झांग आणि यिक्सिन चेन यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या ‘सील’ पद्धतीत यावर तोड आहे. जोडीभोवतीचा जाळ्याचा तुकडा वेगळा काढायचा, त्यातला प्रत्येक बिंदू त्या दोघींपासून किती टप्पे दूर आहे हे त्यावर लिहायचं, आणि मगच गुण द्यायचा. डोंगराळ मुलखासाठी मला हीच पद्धत पटते.

तरीही ०.९ गुण म्हणजे साकव नव्हे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा नकाशातली रेघ जागच्या जागी होती. यंत्राने दिलेली यादी घेऊन कुणीतरी चालत जायलाच हवं.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात कुणालाही विनामूल्य खातं उघडून वाट नोंदवता येते. तुमची वाडी या भागात असेल, तर पाऊस ओसरल्यावर आपली पाखाडी चालून पाहा, साकव उभा आहे का बघा, आणि मगच ती रेघ काढा.