पोळलेल्या बोटाला कोमट पाणीही का सोसत नाही?

गरम तव्याला बोट टेकलं की चटका बसतो, यात नवल नाही. नवल पुढे आहे. तासाभराने त्याच बोटावर कोमट पाणी पडलं तरी जीव कळवळतो आणि शेजारच्या बोटाला तेच पाणी सुखाचं वाटतं.

वेदना टिपणाऱ्या चेतापेशींची टोकं त्वचेत पसरलेली असतात. त्यांच्या आवरणात ‘टीआरपीव्ही१’ नावाचं प्रथिन असतं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हे प्रथिन उघडतं, त्यातून कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत घुसतात आणि पेशी मेंदूकडे संदेश धाडते. मिरचीतल्या कॅप्सायसिननेही ते उघडतं, म्हणून ठेचा खाल्ला की तोंडाची आग होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधून काढलं. २०२१ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

पण ४३ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. ऊतींना इजा झाली की तिथे रसायनांची गर्दी होते: ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन, हिस्टामिन. चेतापेशीच्या टोकावर या प्रत्येकासाठी वेगळे ग्राही असतात. ब्रॅडिकायनिन आपल्या ग्राहीला चिकटलं की पेशीच्या आतली विकरं जागी होतात आणि टीआरपीव्ही१ला फॉस्फेटचे गट जोडतात. एवढ्याशा बदलाने ते प्रथिन कमी उष्णतेलाही उघडू लागतं. प्रयोगात त्याचा उंबरठा शरीराच्या नेहमीच्या तापमानाच्याही खाली घसरलेला दिसला आहे. म्हणजे बाहेरून काहीही न लागता, अंगच्या उबेनेही ते उघडू शकतं. सुजलेला भाग नुसता पडल्या पडल्या ठणकतो, त्यामागचं हे एक कारण.

ब्राझीलचे सर्जिओ फेरेरा यांनी १९७२ मध्ये स्वयंसेवकांच्या त्वचेखाली प्रोस्टाग्लँडिन सोडून पाहिलं. नुसत्या प्रोस्टाग्लँडिनने फारसं दुखलं नाही. ती जागा हळवी मात्र झाली. त्यात ब्रॅडिकायनिन मिसळताच तीव्र कळ उठली. जॉन व्हेन यांनी वर्षभर आधीच दाखवलं होतं की अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतं. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की एक जुनं कोडं सुटतं: अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर दुखरा सांधा निवतो, पण टाचणी टोचली तर ती तितकीच बोचते. अ‍ॅस्पिरिन बधिरता आणत नाही. हळव्या झालेल्या चेतापेशीला मूळ पदावर आणतं.

म्हणूनच दुखणाऱ्या माणसाला ‘एवढ्याशाचा काय बाऊ करतोस’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दोघांना झालेला स्पर्श सारखाच असला, तरी त्याच्या चेतापेशींचा उंबरठा खरोखरच खाली आलेला असतो. तो खोटं बोलत नसतो.

काही रसायनांचा अंमल सावकाश चढतो. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल ज्या शोधांसाठी मिळालं, त्यातला ‘एनजीएफ’ हा चेतावृद्धी घटक त्यांपैकीच. पायाच्या अंगठ्यापासून कण्याजवळच्या पेशीपिंडापर्यंत, म्हणजे जवळपास मीटरभर लांब तंतूतून त्याचा निरोप वर जातो. मग पेशी टीआरपीव्ही१ जास्त प्रमाणात बनवते आणि टोकांकडे रवाना करते. हा हळवेपणा दिवसेंदिवस टिकतो.

एनजीएफला अडवलं तर गुडघेदुखी थांबेल, या आशेने टॅनेझुमॅब हे प्रतिपिंड तयार झालं. दुखणं कमी झालंही, पण काही रुग्णांचे सांधे अधिक वेगाने झिजू लागले आणि २०२१ मध्ये त्याचा विकास थांबवण्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या सुझेट्रिजीनची वाट निराळी आहे. ते उंबरठा खाली आणणाऱ्या रसायनांच्या वाटेला जात नाही. चेतापेशीतून संदेश पुढे नेणारी ‘एनएव्ही१.८’ ही सोडियमची वाट बंद करतं. ही वाट मुख्यतः मेंदूबाहेरच्या, वेदना वाहणाऱ्या पेशींमध्ये असते, त्यामुळे या औषधातून अफूवर्गीय औषधांसारखं व्यसन लागण्याची भीती दिसलेली नाही. सध्या ते प्रौढांच्या मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या, अचानक उद्भवलेल्या वेदनेसाठी वापरतात.