तोंडातला पांढरा चट्टा

नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईस निघालेल्या नोकरदारांच्या गर्दीत परळच्या ‘टाटा’ रुग्णालयाची फाइल मांडीवर सांभाळीत बसलेला एखादा प्रवासी आढळतो, आणि त्याचा सोबती व्याधीचे नाव टाळून ‘गाठ आहे’ एवढीच कैफियत देतो. शत्रू बाहेरून चालून आला, अशी या व्याधीविषयी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः कर्करोगाची पेशी आपलीच असते. पेशींचे विभाजन आमरण चालते, आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी आनुवंशिक द्रव्याची नक्कल उतरावी लागते. मामलेदार कचेरीतल्या नकलेत राहतात तशा चुका येथेही राहतात. बहुतेक दुरुस्त होतात, अथवा ती सदोष पेशीच नष्ट केली जाते. परंतु वाढीस आळा घालणाऱ्या जनुकांतच एकामागून एक दोष साचत गेले, म्हणजे पेशी बेसुमार वाढत सुटते, शेजारच्या भागांत घुसते आणि रक्तावाटे दूरच्या अवयवांत ठाण मांडते. यास बहुधा वर्षानुवर्षे लागतात, आणि त्यातल्या त्यात आशेला जागा आहे ती येथेच.

तोंडाच्या कर्करोगाचेच पाहा. चुना लावून मळलेली तंबाखूची चिमूट गालाच्या आणि हिरडीच्या बेचक्यात तासन्‌तास राहते. तव्यावर भाजून काळी केलेली मिश्री आमच्या आयाबाया दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून अनेकदा लावतात, आणि तिला व्यसन म्हटलेले त्यांना मुळीच खपत नाही! तंबाखूतील विषारी द्रव्यांचा मारा रोज त्याच जागेवर होतो. सुपारीने गाल आतून ताठरतात, तिखट सोसत नाही, तोंडात तीन बोटे उभी शिरेनाशी होतात. कोठे पुसून न निघणारा पांढरा वा लाल चट्टा उमटतो. तो बहुधा दुखत नाही, म्हणून कोणी दाखवीत नाही. असा प्रत्येक चट्टा कर्करोगात परिणत होतोच असे नव्हे. तथापि तीन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा काढून तपासावाच लागतो, आणि सुरी लागली की रोग पसरतो ही धास्ती निराधार आहे.

१९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी निरनिराळ्या समाजांच्या सवयी आणि त्यांच्यातील कर्करोगाच्या जागा यांचा मेळ घातला, त्यास आता कित्येक दशके लोटली. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मिश्रीच्या तव्यापर्यंत मात्र कोणताच हुकूम पोहोचत नाही. पहिल्या तपासणीसाठी नाशिककरांस परळ गाठण्याचे कारण नाही. जिल्हा रुग्णालयात तोंड तपासून मिळते, आणि शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात कर्करोगाचे उपचारही होतात.